पंकजाने आखलेली रेघ

पंकजा माझ्या मागच्या खोलीत राहायला आली तेव्हा कारखान्याच्या चिमणीतून धूर निघायला लागून आठवडाही झाला नव्हता. तिचं सामान थोडकं होतं. पत्र्याची ट्रंक, गॅसची लहान शेगडी, अंथरुणाची वळकटी आणि फक्कीची एक पिशवी. खेळाच्या मैदानावर रेघा मारायला वापरतात ती ही पांढरी पावडर. पिशवी तिने ओट्याच्या कोरड्या कोपऱ्यात ठेवली आणि मला म्हणाली, "काकू, हिला पाणी लागू देऊ नका हं. हा माझा फळा आहे."

आमचा हा भाग प्रवरेच्या पाटाखालचा. माझे पती कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. ते गेल्यावरही मी कारखान्याच्या रस्त्यावरचं घर सोडलं नाही. दिवाळी झाली की जिल्ह्याच्या कोरड्या पूर्वेकडून, जामखेड-पाथर्डीच्या बाजूने, ऊस तोडणारी माणसं बैलगाड्या, पोरंबाळं, कोंबड्या घेऊन येतात आणि समोरच्या माळावर उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या करतात. या वस्तीला अड्डा म्हणतात. ऊन तापायला लागलं की ऊस संपतो, हंगामाचा पट्टा पडतो, आणि माळ पुन्हा मोकळा होतो. पंकजा अड्ड्यावरच्या मुलांना शिकवायला आली होती. एका संस्थेने तिला नेमलं होतं.

तिचं गाव खर्ड्याच्या पुढे. आईवडील तिच्या लहानपणापासून ऊसतोडीला जात, पण तिला त्यांनी कधी बरोबर नेलं नाही. ती आजीपाशी राहिली, बारावी झाली, डी.एड. झाली, आणि मग शिक्षक भरती निघायची वाट पाहत घरी बसली. "आईबाप सहा महिने कुठे झोपतात ते मी ही नोकरी लागल्यावर पहिल्यांदा बघितलं," ती मला एकदा म्हणाली. "तोवर मला फक्त ते गेलेले आणि आलेले माहीत." अड्ड्यावरच्या माणसांची बोली तिची स्वतःची होती. त्यांची गावं, त्यांचे देव, त्यांचे सोयरेधायरे तिला पाठ होते. पण कोप्यांमधलं जगणं, टोळीची रीत, हे ती माझ्यासारखंच बाहेरून शिकत होती. पुढे जे झालं ते यातूनच झालं, म्हणून हे आधी लिहिलं.

अड्ड्याच्या कडेला पत्र्याची एक शेड होती. सकाळी दहाला तिथे शाळा भरे. आईबाप पहाटेच उसाच्या फडात गेलेले असत. पोरं उठून, डब्यातली भाकरी खाऊन, लहान भावंडांना कडेवर घेऊन येत. बुधवारी मी गोष्टी वाचून दाखवायला जात असे आणि तिचं गणित होईपर्यंत बसत असे. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये वजाबाकी बाकावर ताठ बसून, तोंड मिटून शिकावी लागे. पंकजाच्या वर्गात ती उड्या मारून चाले. शेडसमोरच्या सारवलेल्या जमिनीवर ती फक्कीने लांब रेघ ओढी, पावलापावलावर खूण करी आणि शून्यापासून वीसपर्यंत आकडे घाली. बेरीज असली की पुढे जायचं, वजाबाकी असली की मागे.

"ओम, आठावर हुबा राहा. आठातून तीन गेले. मार मागं तीन उड्या."

ओम सात वर्षांचा, अंगाने किडकिडीत आणि तोंडाने फटकळ. त्याने आठावरच पाय आपटला आणि ओरडला, "एक!" मग सातावर "दोन", सहावर "तीन". "सहा आलं ताई!"

"पयल्या डावाला तू हललास कुठं?"

"पाय आपटला की."

"पाय आपटून कुनी गावाला जातं का रं? जिथं हुबा हायेस ते धरायचं न्हाई. उडी धरायची."

"मंग आदी सांगायचं ना," ओम म्हणाला आणि रुसून, पण बरोबर, पाचावर जाऊन बसला.

एका बुधवारी तिने गोष्टीतलं गणित घातलं. "एका कोपीत दोन मानसं. त्यातलं एक दवाखान्यात गेलं. ऱ्हायलं किती?"

सगळी पोरं एका सुरात म्हणाली, "अर्धा!"

मला हसू आलं. पंकजा हसली नाही. तिने मला नंतर समजावलं. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. जोडीबरोबर बिनलग्नाचा भाऊ आला असेल तर ते घर दीड कोयता. पोरांनी चुकीचं काही सांगितलं नव्हतं. त्यांच्या घरात दोनातून एक गेलं की अर्धंच राहतं.

"बरं," ती पोरांना म्हणाली, "मंग अर्ध्याची बी खूण करू." आणि तिने प्रत्येक दोन आकड्यांच्या मधे एक लहान रेघ मारली.

या वर्गात धनश्री होती. तेरावं लागलेलं, उंच, हडकुळी, सात-आठ वर्षांच्या पोरांत बसलेली. वजाबाकी तिला येत नव्हती आणि तिला त्याची लाज वाटे. दोष तिचा नव्हता. गावच्या शाळेत हातच्याची वजाबाकी दिवाळीनंतर शिकवत, आणि दिवाळीनंतर ती दरवर्षी अड्ड्यावर असे. पंकजाने बोलावलं तरी रेघेवर यायला ती तयार नसे. उडी मारली की पोरं "घोडी, घोडी" करत. मग एक दिवस पंकजाने ओढणी कमरेला खोचली आणि स्वतःच विसापासून मागे उड्या मारायला सुरुवात केली. धापा टाकत म्हणाली, "आता मला बी घोडी म्हना. धने, ये गं, एकटी घोडी बरी दिसत न्हाई." धनश्री तोंडावर हात धरून हसली आणि आली. त्या दिवसापासून ती रेघेवरून हटली नाही. दोन-तीन आठवड्यांत तिला जमिनीवरची रेघ लागेनाशी झाली. त्र्याऐंशीतून सत्तावीस असं म्हटलं की ती डोळे मिटून पुटपुटे, "दोन दहाच्या उड्या, त्रेसष्ट. तीन, साठ. चार, छप्पन्न." पंकजा घरी आली की मला आधी हेच सांगे. जूनमध्ये जामखेडला मुलींच्या वसतिगृहात धनश्रीला घालायचं, म्हणजे पुन्हा अड्ड्यावर यायला नको, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. मुलीच्या आईशीही ती बोलली होती.

आई म्हणजे रंगूबाई. संक्रांतीनंतर थोड्याच दिवसांनी ती भरलेल्या गाडीवरून पडली. गाडी पाटाच्या चढावर कलली, वर मोळ्यांवर रंगूबाई बसली होती, ती सरळ खाली दगडावर. खुब्याचं हाड मोडलं. नगरला नेऊन शस्त्रक्रिया झाली. पण पाय काही टेकेना, आणि तिला सासूकडे, आक्काबाईकडे, गावी नेऊन खाटेवर ठेवलं. धनश्रीचा बाप वाल्मिक दहा-बारा दिवसांत परत आला. तो आता अर्धा कोयता होता.

त्याच आठवड्यातल्या बुधवारी मुकादम शेडपाशी मोटरसायकल थांबवून आला. श्रीमंत त्याचं नाव. पन्नाशीचा, बोलायला गोड, खिशात दोन मोबाईल. मागून वाल्मिक, टोळीतले चार-पाच गडी, दोघी-तिघी बायका. त्या दिवशी कारखान्याचं गाळप बंद होतं म्हणून माणसं अड्ड्यावर होती.

"धने, चल गं," श्रीमंत म्हणाला. "उद्यापासून फडात. दप्तर ठिव घरी."

"कुठं नेताय तिला, मामा?" पंकजाने विचारलं.

"फडात म्हनलं न्हवं? तिच्या आईची जागा कोन धरनार? तुमी धरताय का, मास्तरीनबाई? कोयता दिऊ?"

गडी हसले. पंकजा वाल्मिककडे वळली. "दादा, तुमी बोला की."

"म्या काय बोलू," वाल्मिक जमिनीकडे बघत म्हणाला. "बैलाला एक लागतं, मोळी चढवायला एक लागतं. एकट्याला गाडी भरत न्हाई. गाडी न्हाई तर म्या हितं काय करू?"

धनश्री उठून उभी राहिली होती. दप्तर तिने पोटाशी धरलं होतं. ती कुणाकडेच बघत नव्हती.

"मामा, जरा थांबा," पंकजा म्हणाली. "गोरक्षचं घर किती धरता तुमी?"

गोरक्ष तिथेच होता. विशी ओलांडलेला, भाऊ-भावजयीबरोबर आलेला, गरीब स्वभावाचा पोरगा. "दीड," श्रीमंत म्हणाला.

पंकजाने शून्यापासून दोनापर्यंतची रेघ पायाने पुसून पुन्हा ठसठशीत ओढली. अर्ध्याच्या खुणा मोठ्या केल्या. दीडावर उभी राहिली आणि मागे उडी मारली. "दीडातनं अर्धा गेला. एक ऱ्हायला. म्हंजे त्याच्या भावाची गाडी चालू. हा अर्धा घ्या," ती शून्यावर जाऊन उभी राहिली, "वाल्मिकदादाचा अर्धा," एक उडी, "अन् गोरक्षचा अर्धा." दुसरी उडी. ती एकावर होती. "हा पुरा कोयता. दोन्ही गाड्या भरत्यात. पोरीला काढायचं काय कारन?"

श्रीमंतने आधी रेघेकडे बघितलं. मग वाल्मिककडे बघितलं, मग गोरक्षच्या भावाकडे. भावाने मान हलवली.

"वाल्मिक, तुला पटतंय का?"

वाल्मिकने मुलीकडे एकदा पाहिलं. "ताईनं सांगितलंय तर... बरंच असंल."

"गोरक्ष, तुझं काय?"

गोरक्षने मान खाजवली. "दादा म्हनंल तसं."

"मास्तरीनबाई, तुमी तर मुकादमच व्हा," श्रीमंत म्हणाला आणि सगळे मोठ्याने हसले. बायकांतली एक पुढे आली, तिने धनश्रीच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. मला वाटलं, पोर शाळेत राहिली याचा हा आनंद आहे. पंकजालाही तेच वाटलं. संध्याकाळी तिने शिरा केला आणि वाटी घेऊन माझ्याकडे आली. "काकू, आज पहिल्यांदा माझं शिक्षण खरंच कामाला आलं."

धनश्री शाळेत राहिली. आता दोन पुरुषांची भाकरी तिच्यावर होती. फडात जाणाऱ्यांच्या आधी उठून ती चूल पेटवी, गोरक्ष तिथेच जेवे, तिथूनच बैल जुंपून निघे. दहा वाजता ती शेडमध्ये येई तेव्हा डोळे लाल असत. पण येई. पंकजा तिला पहिली पाच मिनिटं खांबाला टेकून झोपू देई.

फेब्रुवारीत पंकजाने वजाबाकीचा दुसरा अर्थ शिकवायला घेतला. दर वेळी कुणी जातंच असं नाही, दोन आकडे एकमेकांपासून किती लांब आहेत हेही वजाबाकीच सांगते, हे. तिने पोरांना सांगितलं, आपापलं गणित तयार करा. कुणी शेडपासून हापशापर्यंतची पावलं काढली, कुणी भावाच्या आणि आपल्या वयातलं अंतर. धनश्रीने विचारलं, "तेरापासनं अठरा किती लांब?"

"तूच बघ की."

डोळे मिटून सांगता आलं असतं तिला. तरी ती रेघेवर गेली आणि एकेक उडी मारत, प्रत्येक आकड्यावर थांबत, अठरावर पोचली. "पाच. म्हंजे पाच पट्टे का, ताई?"

"पट्टे म्हन न्हाई तर उड्या म्हन. पाच ते पाचच." पंकजाने सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मीही वाजवल्या. धनश्री आकड्यावरून बाजूला झाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. हे गणित तिने का घातलं ते आमच्या दोघींच्या ध्यानात आलं नाही.

ते पाडव्याच्या आधी, मार्चमध्ये आलं. धनश्री त्या दिवशी आली नव्हती. पंकजाने हजेरी घेताना विचारलं तर ओम म्हणाला, "ती आता कशाला यील? तिचं लगीन ठरलंय गोरक्षसंगं."

"कुनी सांगितलं तुला?"

"समद्यांना म्हाईत हाय."

"ठरवलं कुनी?"

ओमने तिच्याकडे असं पाहिलं जणू ती त्याची थट्टा करते आहे. "तुमीच की, ताई."

ती मला बोलवायला घरी आली. आम्ही दोघी कारखान्याच्या वजनकाट्याजवळच्या चहाच्या टपरीवर गेलो. श्रीमंत बाकड्यावर बशीतून चहा पीत होता. त्याने माझ्यासाठी जागा पुसली.

"मामा, धनश्रीचं लग्न कुनी ठरवलं?"

"आता गं!" त्याला खरोखर नवल वाटलं. "तुमीच न्हवं? बिनलग्नाच्या पोराचा अर्धा पोरीच्या बापाच्या अर्ध्याला लावला. पोरीच्या चुलीवर त्याला जेवाया बसवला. आमच्या टोळीत ह्याला बोलनी झाली म्हनत्यात. दोन घरचे अर्धे उगं कुनी एक करतं व्हय? तुमी पडल्या आमच्याच गावाकडच्या, वर शिकलेल्या. समद्यांदेखत रेघ वडून दावली. म्या म्हनलं, बाईनं डोस्कं लावलं. ह्या साली गाडी भरली, पुढल्या साली गोरक्षचा सोताचा पुरा कोयता."

"मी फक्त गाडी भरायचं बघत होते, मामा."

"मंग आमी काय बगतो?" श्रीमंत म्हणाला. "आमी बी त्येच बगतो."

पंकजा उभीच होती. मी श्रीमंतला म्हटलं, पोर तेरा वर्षांची आहे, हा गुन्हा आहे. तो हात जोडून म्हणाला, "आजी, गुन्हा हाय तर हाय. पर शब्द गेलाय." मग जरा थांबून पंकजाला म्हणाला, "अन् ताई, आता तुमीच न्हाई म्हनला तर पोरीला नाव ठिवतील. दीड महिना परक्या पोरानं तिच्या हातचं खाल्लंय. तिला दुसरं कोन करील?"

वाल्मिक तिच्याशी भांडला नाही. भांडला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो बैलांना पाणी पाजत होता. "ताई, रंगू खाटंवर. पोरीला कोपीत एकटी ठिवून म्या फडात जानार. दिवसभर जीव ठिकान्यावर नसतो. गोरक्ष पेत न्हाई, हात उगारत न्हाई. तुमी लई इचार करून दावला असंल, आसंच आमी धरलं."

त्या दिवसापासून पंकजाचं जेवण तुटलं. ती शाळा घेई, घरी येई, ओट्यावर बसून राही. मी एकदा म्हटलं, तुझा हेतू चांगला होता. ती म्हणाली, "हेतूचं काय करू, काकू? मला टोळीची रीत माहीत नव्हती. विचारायला हवं होतं एखाद्या बाईला. मला वाटलं, मी यांच्यातलीच आहे."

एप्रिलमध्ये पट्टा पडला. गाड्या निघाल्या. लग्न अक्षय्य तृतीयेला, गावात, आक्काबाईच्या दारात ठरलं होतं. पंकजा आधी दोन वेळा तिथे जाऊन आली. त्यातल्या एका भेटीचं तिने मला सगळं सांगितलं. रंगूबाई खाटेवर, उशाशी पाण्याचा तांब्या, अंगणात आक्काबाई तांदूळ निवडत. पंकजा तिला म्हणाली, "तुमीच मला म्हनला होता, पोरगी शिकव."

"म्हनले हुते," रंगूबाई म्हणाली. "तवा म्या हुबी हुते."

"वसतिगृहात फुकट ठेवतात. जेवण, कपडे, सगळं."

"अन् मला हागायला-मुतायला कोन न्हील? म्हातारी? मला हितनं उठवून बसीव बाई, अन् ने तिला. म्या आडवी यीन तर इचार."

आक्काबाईने तांदळातून मान वर केली नाही. "सोयरीक जुळवायची अन् मोडाया बी यायचं," ती म्हणाली. "आसली मदीस्थ आमी बगितली न्हवती."

धनश्री घरात होती, पण बाहेर आली नाही. दाराच्या फटीतून तिचा पाय दिसत होता, असं पंकजा म्हणाली.

लग्नाच्या आदल्या दिवशी पंकजाने चाइल्डलाइनला फोन केला. ज्यांनी यायला हवं ते आले. ग्रामसेवक, पोलीस, महिला व बालविकासच्या एक बाई. त्यांनी आपलं काम नीट केलं. मांडव उतरवला, वाल्मिककडून अठरा होईपर्यंत लग्न करणार नाही असं लिहून घेतलं. त्या रात्री पंकजा आपल्या गावी, आईवडिलांकडे होती. तिच्या वडिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं. दुसऱ्या दिवशी ते तिला नगरच्या गाडीत बसवायलाही आले नाहीत. इथे आल्यावर ती दोन दिवस झोपली, आणि उठल्यावर पहिल्यांदा पोटभर जेवली. जामखेडच्या वसतिगृहात तिने धनश्रीसाठी जागा राखायला सांगितली. जूनमध्ये ती न्यायला गेली तेव्हा घराला कुलूप नव्हतं, आक्काबाई होती, रंगूबाई होती, वाल्मिक होता. धनश्री नव्हती. मावशीच्या गावी, घाटापलीकडे, मे महिन्यातच, दारं लावून, अक्षता पडल्या होत्या. पंकजाने पुन्हा तक्रार द्यायचं ठरवलं. रंगूबाईने खाटेवरून हात जोडले. "आता दिलीस तर तिला दोनी घरची दारं बंद. एवडं करू नको." पंकजा तिथून उठून आली. तक्रार तिने दिली नाही. याबद्दल मी तिला कधी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

दिवाळीनंतर टोळी पुन्हा आली. गोरक्षची गाडी या खेपेला स्वतंत्र होती. तिच्यावर धनश्री बसलेली होती, साडीवर पुरुषी सदरा घालून, डोक्याला फडकं बांधून. वाल्मिक आला नाही, तो गावातच मिळेल त्या कामाला जात होता. पंकजाने तीन-चार दिवस जाऊ दिले. मग एका दुपारी, गाडी काट्यावर रांगेत लागलेली असताना, ती गोरक्षच्या कोपीपाशी गेली. मीही बरोबर होते.

धनश्री परातीत पीठ मळत होती. आम्हाला पाहून तिने पोतं अंथरलं.

"दुपारी तासभर येत जा," पंकजा म्हणाली. "गाडी काट्यावर असती तेवढा वेळ. पाचवीचं पुस्तक ठिवलंय मी. बाहेरून परीक्षा देता येती. मी बोलते गोरक्षशी."

"नका बोलू, ताई."

"न्हाई म्हणणार न्हाई तो. समजूतदार आहे."

"त्यो न्हाई, म्याच न्हाई म्हनते." धनश्रीने पिठाचे हात परातीच्या कडेला पुसले. तिच्या आवाजात राग नव्हता. तव्याला हात लावू नको असं लहान मुलाला सांगतात तसं ती सांगत होती. "तुमी कुनाशी बोललात की माझं कायतरी ठरतंय. आता ऱ्हाऊ द्या."

पंकजा उठायला लागली.

"बसा. च्या ठिवते," धनश्री म्हणाली. "दूध न्हाई, कोरा चालंल का आजींना?"

आम्ही कोरा चहा घेतला. दोघी बैलांबद्दल बोलल्या, रंगूबाईच्या पायाबद्दल बोलल्या. रंगूबाई आता कुबडी घेऊन न्हाणीपर्यंत जाते, असं धनश्रीने सांगितलं. परत येताना पंकजा माझ्यापुढे चालत होती आणि तिने एकदाही मागे पाहिलं नाही.

तो हंगाम तिने पुरा केला. शेडसमोर रेघ होती, पोरं उड्या मारत होती, ओम आता दुसऱ्यांच्या चुका काढत होता. ती नीट शिकवत होती, तिच्या शिकवण्यात मला खोट दिसली नाही. पण शाळेबाहेर अड्ड्यावर ती कुणाच्या कोपीत गेली नाही, आणि एखादं पोर शाळेत यायचं बंद झालं तर नाव लिहून संस्थेला कळवी, दाराशी जाऊन विचारत नसे. पट्टा पडल्यावर तिने राजीनामा दिला. आता ती नगरजवळ नागापूरला एका कारखान्यात पॅकिंगला आहे, तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहते. रविवारी फोन करते. माझे गुडघे, पेरूला आलेला बहर, नवीन भाडेकरू, असं सगळं विचारते. अड्ड्याबद्दल विचारत नाही. मीही आपणहून काढत नाही. तिच्यानंतर संस्थेने कुणाला पाठवलं नाही. शेडमध्ये यंदा वाढ्यांच्या, उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या रचलेल्या आहेत.

गेल्या आठवड्यात मी बाजारातून येत होते. गोरक्षची गाडी काट्याच्या रांगेत रस्त्याच्या कडेला थांबली होती. चाकाच्या सावलीत धनश्री बसली होती, मांडीवर चार-पाच महिन्यांचं मूल. तिचे दंड माझ्या मनगटाएवढे बारीक. मला पाहून ती उठायला लागली. मी बस म्हटलं. मुलाचं नाव विचारलं, तर अजून ठेवलं नाही म्हणाली, नुसतं बाळ म्हणतात. मग तिने रस्त्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पंकाताईचा फोन येतो का वो?"

"येतो. रविवारी."

"बरी हाय का?"

"बरी आहे."

तिने पदर मुलाच्या अंगावर ओढून घेतला. "त्यांना हे सांगू नका, आजी."

नाही सांगणार, असं मी म्हटलं. मागून गोरक्षने हाक दिली, रांग पुढे सरकली होती. धनश्रीने बाळाला पाठीशी बांधलं आणि चाकावर पाय देऊन ती मोळ्यांवर चढली.